पिंजरा शाबूत, जाळी शाबूत, मग ससा गेला कसा?

खारघरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. ग्राउंड फ्लोअरला घर, मागे थोडी मोकळी जागा, तिथे लोखंडी पिंजऱ्यात दोन ससे. चारी बाजूंनी कोंबडी जाळी, रात्री कडी लावलेली. परवा सकाळी बघतात तर एक ससा आडवा पडलेला, अंगावर जखम नाही, रक्ताचा थेंब नाही, फक्त एका कोपऱ्यात जाळी जराशी आत दबलेली. दुसरा भिंतीकडे तोंड करून बसलाय, कालपासून खात नाहीये. शेजारी म्हणतात साप, वॉचमन म्हणतो मुंगूस, सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. आता जाळी बदलू, पिंजरा गच्चीवर नेऊ की कुत्रा पाळू असं त्या विचारतायत.

ताई, जाळीचं नंतर बघू, आधी तो जिवंत आहे त्याच्याकडे बघा. ससा बारा तास काही खात नसेल, लेंड्या पडत नसतील किंवा पडल्या त्या बारीक मोहरीएवढ्या असतील तर ही इमर्जन्सी आहे, उद्या बघू म्हणायची गोष्ट नाही. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं, भीतीने ते थांबतं, मग पोटात गॅस धरतो आणि एक-दोन दिवसांत खेळ संपतो. कोथिंबीर, पुदिना पुढे धरून बघा, पाणी वाटीत द्या (नळीच्या बाटलीपेक्षा वाटीतलं जास्त पितात), आणि ससे हाताळणारा डॉक्टर गाठा. हे मुद्दाम सांगतोय, कारण कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर ससे बघतोच असं नाही, फोन करून आधी विचारा. कोणीच नाही मिळालं तर परळचं जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच, खारघरहून लांब पडतं पण आहे. डॉक्टरांनी पोट तपासायच्या आधी सिरिंजने जबरदस्ती भरवू नका, आणि घरात माणसांसाठी आणलेलं अँटिबायोटिक तर बिलकुल नाही. अमॉक्सिसिलिनसारखं औषध सशाला तोंडाने दिलं तर पोटातले कामाचे जंतू मरतात आणि ससा आजाराने नाही, औषधाने जातो.

एक अजून, त्याच्या अंगावरून केसांच्या उलट दिशेने हात फिरवून बघा, मानेखाली, काखेत, मांडीच्या आत. मांजराच्या दाताचं भोक टाचणीएवढं असतं, वरून केस बसले की दिसत नाही, पण मांजराच्या तोंडातले जंतू सशाच्या रक्तात गेले की तो दोन दिवसांत तापाने जाऊ शकतो. ओलसर, चिकट केसांची बट लागली तर तिथे नीट बघा आणि डॉक्टरांना दाखवा.

आता मेलेल्याचं. मी बघितलेलं नाही, त्यामुळे अंदाजच, पण तुमच्या वर्णनावरून त्याला कोणी मारलं असं मला वाटत नाही, तो घाबरून मेला असणार. बहुतेक बोक्याला बघून. आणि हे मी का म्हणतोय तर माझ्याकडे हेच झालंय.

मी ठाण्याचा, वर्तकनगरला राहतो, वागळे इस्टेटला आमचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप होतं, म्हणजे पिंजरा बनवणं हा माझ्या डाव्या हाताचा मळ. पहिला पिंजरा असा बनवला होता की बायको म्हणाली यात वाघ ठेवा. पंचवीस मिमीचा लोखंडी अँगल, चारी बाजूंनी वेल्डिंग, अल्ड्रॉप (कुलूप लावता येतं तो जाड सरकता दांडा), वर कुलूप. त्यात चिंगी नावाची पांढरी मादी आणि तिचा जोडीदार. एका रात्री साडेतीनच्या सुमारास मागून धप, धप असा आवाज यायला लागला. ससा घाबरला की मागचा पाय जमिनीवर आपटतो, ती इतरांना दिलेली वर्दी असते, पण तेव्हा मला वाटलं नाटकं चाललीयत, मी कूस बदलून झोपलो. अर्ध्या तासाने एकदा ओरडल्याचा आवाज आला, लहान मूल किंचाळतं तसा. ससा आयुष्यात सहसा ओरडत नाही, ओरडला म्हणजे संपलंच समजा. टॉर्च घेऊन धावलो तर पिंजऱ्यावर एक लठ्ठ पिवळा बोका बसलेला, अगदी निवांत, आणि त्याची शेपटी जाळीवरून खाली लोंबतेय, इकडून तिकडे, इकडून तिकडे. त्याने काही केलं नव्हतं. करू शकतही नव्हता, जाळी वाकली सुद्धा नव्हती. चिंगी खाली एका कोपऱ्यात चपटी होऊन पडली होती, डोळे उघडे, हात लावला तर अंग गरम आणि पाठ मधेच मऊ. भीतीने उडी मारून लोखंडावर आपटून मणका तुटला होता. सशाची हाडं फार हलकी आणि मागच्या पायांची ताकद प्रचंड, स्वतःच्याच लाथेने पाठ मोडू शकते. आणि मणका नाही मोडला तरी नुसत्या धसक्याने हृदय बंद पडतं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की पिंजरा किती मजबूत हा अर्धाच प्रश्न. बाहेरचं जनावर जाळीला नाक लावू शकलं, वर बसू शकलं, सशाला त्याचा वास आणि डोळे दिसले, तर तुमची जाळी टाटाच्या पोलादाची असली तरी उपयोग नाही. जनावर आत येता कामा नये हे झालंच, पण ते जवळ येता कामा नये आणि आलंच तर सशाला ते दिसता कामा नये.

त्यामुळे सगळ्यात सोपं आणि फुकटातलं उत्तर म्हणजे रात्री ससे घरात घ्या. बाथरूम असू दे, पॅसेज असू दे, सोफ्याच्या मागची जागा असू दे. वायरी तेवढ्या वर बांधा, नाहीतर कुरतडतील. संध्याकाळ आणि पहाट हीच सशाची जागं असायची वेळ आणि तीच बोका, कोल्हा, उदमांजर यांची फिरायची वेळ, त्यामुळे दिवेलागणीला आत आणि उजाडल्यावर बाहेर एवढं केलंत तरी बराचसा धोका गेला. मला लोक म्हणतात घरात वास येतो. वास सशाचा नसतो हो, न बदललेल्या पेपराचा असतो.

घरात शक्यच नसेल तर मग पिंजऱ्याकडे येऊ. तुमची कोंबडी जाळी आधी काढा. ती षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवायला बनवलेली आहे, कुत्र्याला बाहेर ठेवायला नाही. वायर असते पाऊण मिलिमीटरच्या आसपास, कुत्रा दाताने ओढून उलगडतो, घूस कुरतडते, आणि भोकं एवढी मोठी की मांजराचा पंजा कोपरापर्यंत आत जातो. त्याऐवजी जीआय वेल्डमेश, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली, सांधे वेल्ड केलेली चौकोनी जाळी घ्या, अर्धा इंच बाय अर्धा इंच. दुकानदार गेज विचारेल, इथे लोक हमखास फसतात, गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढी वायर बारीक. सोळा गेज म्हणजे साधारण १.६ मिमी, वीस गेज म्हणजे एक मिमीपेक्षाही कमी. तो म्हणेल साहेब वीस नंबर घ्या, वीस भारी, तर हसून सोळाच मागा. मोठ्या भोकाची एक इंची जाळी स्वस्त पडते पण त्यातून उंदीर येतो, आणि उंदीर आला की मागोमाग त्याच्या वासावर धामण येते.

जाळी लाकडी फ्रेमवर मारायची असेल तर स्टेपलरच्या पिना नको, दोन पावसाळ्यात गंजतात आणि एका हिसक्यात सुटतात. स्क्रू आणि त्याखाली मोठा वॉशर, दर चार इंचावर. दाराला नुसती कडी नको. कडी बोका पंजाने उचलतो हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि आमच्या इथे येऊरच्या जंगलातून माकडं उतरतात, ती तर टॉवर बोल्ट, म्हणजे दाराची सरकती कडी सुद्धा माणसासारखा सरकवतात. अल्ड्रॉप आणि त्यात स्प्रिंगचा हुक किंवा छोटं कुलूप. किल्ली मात्र तिथेच खिळ्याला अडकवा, आग लागली, पाणी शिरलं तर शोधत बसायला वेळ नसतो.

आता ते जवळ येऊ न देण्याचं. पिंजरा भिंतीपासून फूटभर लांब, जमिनीपासून तीन फूट वर. मागची बाजू आणि दोन्ही कडा जाळीच्या ऐवजी प्लायने किंवा सिमेंट बोर्डने बंद, फक्त समोरची उघडी, म्हणजे सशाला चारही बाजूंनी कोण आलंय ते बघत बसावं लागत नाही. सशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्याला जवळजवळ सगळीकडचं एकदम दिसतं, आणि आपल्याला वाटतं हे किती छान, पण पिंजऱ्यात कोंडलेल्या सशाला ही शिक्षाच आहे, पळता येत नाही आणि बघायचं बंदही करता येत नाही. म्हणून आत एक लाकडी खोकं ठेवा, वरून बंद, सशाला आत शिरून वळता येईल एवढं, आणि ते जाळीला चिकटवून नाही तर सगळीकडून सहा-आठ इंच सोडून मधोमध. पंजा तिथवर पोचत नाही. वर बोका बसू नये म्हणून छप्पर उतरतं आणि गुळगुळीत पत्र्याचं करा, पावसाळ्यात पाणीही निथळतं. पण पत्र्याखाली थर्माकोल किंवा जाड गोणपाट घाला नाहीतर एप्रिलमध्ये तुम्हीच सशाला भाजून काढाल.

हे उन्हाचं मी गंमतीत बोलत नाहीये. भीतीपोटी लोक पिंजरा सगळीकडून असा बंद करतात की वारा जात नाही, आणि आपल्याकडची दमट हवा म्हणजे तिशीच्या पुढे पारा गेला की ससा कान लांब करून धापा टाकायला लागतो. त्याला घाम येत नाही, बरीचशी उष्णता कानांतूनच बाहेर जाते. गच्चीचं म्हणूनच मी नाही सांगतो तुम्हाला. गच्चीवर बोका येत नाही हा गैरसमज आहे, पाइपवरून आणि छज्ज्यावरून चौथ्या मजल्यावर येतो, शिवाय वर घारी आणि कावळे, आणि दुपारी स्लॅब तापतो तो रात्री दहापर्यंत गार होत नाही. खिडकीच्या बॉक्स ग्रिलमध्ये ठेवणाऱ्यांनाही हेच. कबुतरांची नायलॉनची जाळी लावली म्हणून निश्चिंत राहू नका, ती बोका नखाने फाडतो आणि ससा आतून कुरतडतो, दोघं मिळून आठवड्यात भोक पाडतात.

खालच्या तळाला नुसती जाळी ठेवायची नाही. एक तर त्यावर उभं राहून पायाच्या तळव्यांना जखमा होतात, आणि दुसरं म्हणजे खालून घूस येऊन बोटं कुरतडते. ससा मेलेला असेल आणि पायाची बोटं किंवा कानाची टोकं खाल्लेली असतील तर ती घूस किंवा उंदीर. खाली प्लाय, त्यावर गवत. आणि रात्री खाणं तसंच उघडं ठेवलं की घूस येणारच, तिच्या मुताने लेप्टोच्या तापाची भीती वेगळी, तुमच्यासाठी सुद्धा. पण विष ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर घुबड खातं, तेही जातं, आणि गोळी घरंगळून सशापर्यंत आली तर तो चव घेणारच. गोंदाचे ट्रॅपही नकोत, एका ओळखीच्यांच्या ट्रॅपवर धामण चिकटली होती, तेल लावून सोडवायला दोन तास लागले सर्पमित्राला.

तुम्ही खारघरच्या डोंगराकडे असाल तर कोल्ह्याचाही विचार करा. डोंगराच्या बाजूला आणि खाडीकडच्या तिवरांत ते आहेत, आणि कोल्हा जाळी तोडत बसत नाही, खालून उकरतो. मोकळ्या जागेत कुंपण घालून दिवसा ससे सोडत असाल तर कुंपणाच्या तळाशी जाळी बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट आडवी पसरून वर माती टाका. उकरणारं जनावर कुंपणाच्या मुळाशीच उकरतं, मागे सरकून उकरावं एवढं त्याला सुचत नाही. याचा दुसरा फायदा म्हणजे ससाही बाहेर उकरून जात नाही. आमच्या बाजूला, म्हणजे येऊर, उपवन, कोकणीपाडा, घोडबंदरची मानपाड्यापासूनची जंगलाकडची सोसायटी, इथे मी स्पष्ट सांगतो की रात्री बाहेर काहीही ठेवायचं नाही. संजय गांधी उद्यानाची हद्द भिंतीला लागून आहे, बिबट्या कुत्र्यांच्या मागे सोसायटीपर्यंत येतो, त्याच्यापुढे कुठलाही घरगुती पिंजरा म्हणजे टिफिनचा डबा. आणि ससा जाईल हे एक, पण तुम्ही त्याला तुमच्या दाराची वाट शिकवताय.

मुंगसाचं वॉचमन म्हणाला ते अगदीच अशक्य नाही, मुंगूस दिवसा फिरतं पण पहाटेला येऊ शकतं. फक्त ते आत शिरलं असतं तर मानेवर, डोक्यावर चावा आणि रक्त दिसलं असतं. साप आला असेल तर मोठा ससा तसाच टाकूनही जाऊ शकतो, नाग चावून निघून जातो, पण धामण असेल तर पिल्लं गायब होतात, खूण काही राहत नाही. कुत्र्याने केलं असेल तर पिंजरा हललेला, पिंजऱ्याचा पाय वाकलेला दिसतो. कंपाउंडच्या भिंतीवर बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर उदमांजर, ते फळंच जास्त खातं पण पिल्लं सोडत नाही. यातलं कुठलंही जनावर पकडायचा, मारायचा प्रयत्न करू नका, साप, मुंगूस, घोरपड, उदमांजर सगळी कायद्याने संरक्षित आहेत. वनविभागाचा १९२६ नंबर आहे तो लावा किंवा जवळचा सर्पमित्र गाठा.

कुत्रा पाळण्याबद्दल, ताई, अहो कुत्रा हाच सशाचा शत्रू. त्याच्या वासाने आणि भुंकण्याने तो जिवंत आहे तोही जाईल. काही घरांत जमतं, लहानपणापासून एकत्र वाढलेले असतात, पण तेही नजरेसमोर असतानाच. भीतीचंच म्हणाल तर दिवाळीचे सुतळी बॉम्ब आणि दहीहंडीचा डीजे सशाला बोक्याएवढेच, ठाण्यात राहून हे मी दरवर्षी अनुभवतो. त्या दिवसांत आतली खोली, खिडक्या बंद, पिंजऱ्यावर जाड चादर.

पुढेमागे पिल्लं झाली तर एक शत्रू असा आहे की कोणाच्या लक्षात येत नाही, लाल मुंग्या. सशाची पिल्लं जन्मतात ती उघडी, केस नाहीत, डोळे मिटलेले, दहा दिवसांनी डोळे उघडतात. आई दिवसातून एकदा-दोनदा काही मिनिटं दूध पाजून बाजूला होते, लोकांना वाटतं तिने टाकली, पण ती मुद्दाम लांब राहते, घरट्याकडे कोणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. माझी एक अख्खी वीण मुंग्यांनी नेली, पाच पिल्लं, सकाळी खोकं उघडलं तर आत नुसती लाल हालचाल. तेव्हापासून पिंजऱ्याच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या, आजी फडताळाच्या पायाखाली ठेवायची तशा. पाण्यात थोडा साबण टाका आणि एक दिवसाआड बदला, नाहीतर मुंग्या थांबतील आणि डेंग्यूचे डास सुरू होतील. पायांना वरच्या बाजूला पत्र्याची उलटी टोपी बसवली तर उंदीर आणि सापही चढत नाहीत.

आणि पावसाळ्यात माशी. मोठी जनावरं आपल्याला दिसतात म्हणून त्यांची भीती वाटते, पण माझ्याकडे लोक जे ससे घेऊन येतात त्यात जुलै-ऑगस्टमध्ये माशीचेच जास्त. हिरवट चकचकीत माशी, सशाच्या मागच्या बाजूला केस ओले किंवा घाण असले की तिथे अंडी घालते, तांदळाच्या कणीसारखी पांढरी, आणि एका दिवसात त्यातून अळ्या निघून जिवंत सशाचं मांस खायला लागतात. वरून ससा नुसता सुस्त दिसतो. म्हणून पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ शेपटी उचलून बघायचं, हे दात घासण्याइतकं रोजचं. अळ्या दिसल्या तर फिनाईल, रॉकेल असलं काही ओतू नका, तसाच डॉक्टरांकडे न्या, तासातासाचा हिशोब असतो. वेल्डमेशवर बाहेरून मच्छरदाणीचं कापड लावलं तर माशी आणि डास दोन्ही थांबतात. कॉइल, धूप लावू नका, सशाचं फुफ्फुस नाजूक असतं.

दिवसा बाहेर सोडाल तेव्हा तुम्ही तिथेच बसा. मोबाईल घरात ठेवून. घार वर घिरट्या घालत असेल तर तिची सावली आधी जमिनीवर सरकते, ससा ती बघून गोठतो आणि तुम्हाला वाटतं तो शांत बसलाय.

तुमच्या दुसऱ्या सशाला लगेच जोडीदार आणू नका. तो एकटा पडलाय हे खरं, ससे एकटे झुरतात, पण आत्ता नवा ससा त्याच्या जागेत सोडलात तर भीतीत भांडण आणि तेही रक्त निघेपर्यंत. तो नीट खायला लागला, लेंड्या वाटाण्याएवढ्या गोल पडायला लागल्या की दोन-तीन आठवडे थांबा, मग दोघांना दोघांच्याही ओळखीची नाही अशा जागेत भेटवा. आज रात्री मात्र त्याला तुमच्या खोलीतच घ्या, आणि रात्री धप असा आवाज आला तर उठून बघा.